सुभेदारांची सोंड

मागच्या रविवारी व्हिडिओवर तुमच्यापैकी धाकटीने विचारलं, "आजी, पोर्च खाली का आहे?" मी सवयीप्रमाणे आधी भाषा दुरुस्त केली. मराठीत पोर्च रिकामा असतो. खाली असतो तो पाय किंवा जिना. मग कॉल तुटला आणि उत्तर द्यायचं राहून गेलं, म्हणून हे लिहिते.

पोर्च रिकामा आहे कारण सुभेदार आणि त्यांच्या अक्का दिवाळीनंतर वाईला, त्यांच्या मूळ गावी, राहायला गेले आणि जीप ट्रकवर चढवून बरोबर नेली. पाइपसकट. तुम्ही लहानपणी त्या जीपमध्ये बसून हॉर्न वाजवायचात, पण तेव्हा तिला पाइप नव्हता. तो नंतर आला. तो का आला, हे झाशीत फक्त मला पुरतं ठाऊक आहे.

तुमचे आजोबा गेल्यावर मागच्या दोन खोल्या मी भाड्याने दिल्या. बबीन्याच्या छावणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार खोल्या पाहायला आले. खोल्या त्यांनी पाहिल्याच नाहीत. पोर्चची लांबी पावलांनी मोजली आणि म्हणाले, "बसेल." फौजेच्या लिलावात घेतलेली त्यांची जुनी डिझेल जीप बसेल, असा त्याचा अर्थ होता. स्वतः कुठे बसणार याची त्यांनी चौकशी केली नाही.

आयुष्यभर फौजेच्या वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त केलेला हा माणूस. दूध आणायला कोपऱ्यावर जायचं तरी बुटांना पॉलिश. नट-बोल्ट काचेच्या बरण्यांत मापाप्रमाणे लावलेले. ती मांडणी मला आवडे, पण एका बरणीत आवळ्याचा मुरंबा होता आणि ती त्याच ओळीत, तिच्या मापाच्या जागी उभी असे. सकाळी सात वाजता व्हरांड्यात येऊन मला रिपोर्ट द्यायचे. "बाई, टाकीचा नळ गळतोय. मिनिटाला बारा थेंब." मी म्हणे, "मग दुरुस्त करा." ते म्हणत, "आधी रिपोर्ट, मग रिपेअर." मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, म्हणून ते मला बाई म्हणत. मी त्यांना सुभेदार म्हणे.

पस्तीस वर्षं उत्तरेत काढूनही त्यांचं हिंदी वाईच्या घाटावरच राहिलं होतं. दूधवाल्याला ते सांगत, "दूध खाली रखो." त्यांना म्हणायचं असे की भांडं जमिनीवर ठेव. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. दूधवाला भरलेली बरणी हातात धरून उभा राही आणि विचारी, "बाबूजी, खाली रखें कि भरी?" सुभेदारांना वाटे, याला ऐकू कमी येतं. ते अधिक मोठ्याने सांगत. मी एकदा समजावून सांगितलं. ते म्हणाले, "त्याला सवय होईल." दूधवाल्याला खरंच सवय झाली, आणि तिथेच चुकलं. सगळी झाशी आपली भाषा समजते असं त्यांना वाटू लागलं.

आता अक्का. सुभेदारांची आई ते पाळण्यात असताना गेली. त्यांना वाढवलं या थोरल्या बहिणीने. ती लग्न होऊन इकडे, झाशीजवळच्या समथरच्या पलीकडे, एका खेड्यात आली, देवस्थानची पूजा सांभाळणाऱ्या जुन्या मराठी घरात. पुढे यजमान गेले, मूलबाळ नव्हतं, तरी अक्का तिथेच राहिल्या. सुभेदार निवृत्तीनंतर वाईला न जाता झाशीत राहिले ते त्यांच्यासाठी. मग अक्कांच्याच गावी का नाही राहिले? कारण बहिणीच्या सासरी भाऊ मुक्काम करत नाही. आणि अक्का झाशीला का येत नाहीत? कारण माहेर म्हणजे चार दिवस, पाचव्या दिवशी ते आश्रितपण. दोघांचे नियम पक्के होते आणि दोन नियमांच्या मधे एक नाला होता.

त्या नाल्यावर पूल नाही, रपटा आहे. रपटा म्हणजे नाल्याच्या पात्रातून गेलेला सिमेंटचा सपाट रस्ता. उन्हाळ्यात गाड्या त्यावरून जातात, पावसाळ्यात पाणी जातं. पुलासाठी मी सरकारला तीन पत्रं लिहिली, चांगल्या इंग्रजीत. सुभेदारांनी तिन्ही आदराने ऐकून घेतली आणि म्हणाले, "बाई, कागद बोलतो. काम लोखंड करतं."

एरवी पाण्यामुळे काही अडत नसे. अडे ते नागपंचमीला. आदल्या दिवशी आपल्याकडे बहिणी भावासाठी उपास करतात. तुमची आईही करायची, साबुदाण्याची खिचडी खाऊन. अक्कांचा उपास पाण्यावर असे आणि दुसऱ्या दिवशी भावाचं तोंड पाहून, त्याने आणलेल्या लाह्या खाऊन सुटे. तो फौजेत असताना फोटो चालायचा. मी एकदा फोनवर विचारलं, "मग आता का नाही चालत?"

"तेव्हा तो सरकारच्या कामावर होता," अक्का म्हणाल्या. "आता रिकामा आहे."

पाइप लागायच्या आदल्या वर्षी नागपंचमीला नाला चढला आणि दीड दिवस उतरला नाही. सुभेदार लाह्यांची पिशवी मांडीवर घेऊन अलीकडे जीपमध्ये बसून राहिले. मी इथून व्हिडिओ जोडून दिला. अक्कांनी फोन लांब धरून भावाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जिवंत आहे एवढं कळलं. आला कुठे?" त्या दुपारी त्यांना भोवळ आली. पडल्या, मनगट मोडलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, दोन दिवस पाण्यावर. पलीकडे काय झालं ते सुभेदारांना अलीकडे फोनवर कळलं आणि पाणी त्यांच्यासमोरून वाहत राहिलं.

परत आल्यावर दोन दिवस त्यांनी रिपोर्ट दिला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आले. "बाई, तुमच्या बाथरूमच्या कामातला तीन इंची पाइप उरलाय का?"

तुम्ही समुद्रात पोहायला जाता तेव्हा तोंडात नळी धरून श्वास घेता, तसाच स्नॉर्कल गाडीलाही लावतात. सुभेदार त्याला सोंड म्हणत. "हत्ती नदी कशी पार करतो? सोंड वर. बस." त्यांनी मला व्हरांड्यात बसवून इंजिन समजावलं. "इंजिन पाण्यात बुडाल्याने मरत नाही, बाई. पाण्यात श्वास घेतला की मरतं. हवा दबते, पाणी दबत नाही. आत घोटभर पाणी गेलं तरी दांडा वाकतो." मी इतक्या वर्षांत इतकं स्वच्छ वाक्य लिहिलेला विद्यार्थी पाहिला नव्हता, म्हणून पाइप दिला.

सोंड बांधायला त्यांना आठ महिने लागले. जीपच्या अंगाला भोक पाडायचं होतं. त्यासाठी दोन दिवस ते ड्रिल हातात घेऊन नुसते उभे होते. शेवटी पाडलं आणि त्या दिवशी जेवले नाहीत. एअर फिल्टरपासून निघालेला पाइप बॉनेटच्या बाजूने बाहेर येऊन काचेच्या कडेने टपाच्या वर गेला. वाटेत माझ्या कुकरचं रबर गेलं, बागेची रबरी नळी गेली, आणि तुमच्या आजोबांच्या सायकलची ट्यूब. प्रत्येक वस्तू ते विचारूनच नेत, पण नेऊन झाल्यावर विचारत.

मग चाचणी. इंजिन चालू ठेवून सोंडेच्या तोंडावर तळहात दाबून धरायचा. इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. नाही पडलं, तर कुठूनतरी चोरून श्वास घेतंय आणि तिथूनच उद्या पाणी घेईल. सुभेदार स्टुलावर चढून वर हात दाबून उभे आणि जीप धडधडत चाललेली. "चोरटी आहे," ते म्हणाले. "बाई, उदबत्ती आहे?"

गळतीजवळ धूर आत ओढला जातो, तेवढ्यासाठी उदबत्ती हवी होती. पण समोरच्या बाईंनी गच्चीवरून पाहिलं ते एवढंच, की सुभेदार हातात तीन उदबत्त्या घेऊन पाइपाभोवती वरून खाली, खालून वर हळूहळू ओवाळताहेत आणि मी बाजूला हात जोडल्यासारखी उभी आहे. मी खरं तर काड्यापेटी धरली होती.

"काय भैया जी," त्यांनी वरून विचारलं, "पाइप की आरती उतार रये?"

"लीकेज देख रहा हूँ, भाभीजी."

"देखो, देखो. भगवान सब देखत."

दुसऱ्या दिवशी बॉनेटवर झेंडूचं फूल होतं. ते कोणी ठेवलं हे सुभेदारांनी विचारलं नाही. काढलंही नाही.

धूर दुसऱ्या सांध्यात शिरत होता. तिथे सायकलच्या ट्यूबचे तीन वेढे बसले. सुभेदार पुन्हा स्टुलावर चढले, हात दाबला, जीप दोनदा थरथरली आणि बंद पडली. हात काढून ते समाधानाने म्हणाले, "मेली." पोस्टमन फाटकातूनच परत गेला.

श्रावण जवळ आला तेव्हा एका बाभळीच्या फांदीने प्लास्टिकचं वरचं तोंड मोडलं. सुभेदारांनी ठरवलं, तोंड लोखंडाचं हवं, आणि वाकवून खाली केलेलं, म्हणजे पाऊस आत जाणार नाही. ते काम सीपरी बाजारातल्या एका वेल्डिंगवाल्याला दिलं. मी व्हरांड्यात पेपर वाचत होते. सुभेदार फोनवर त्याला मोठ्याने बजावत होते, "और सुनो, मुँह खाली रखना. एकदम खाली." मी ते ऐकलं. ऐकून पान उलटलं. ही चूक निम्मी माझीही आहे.

नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी वेल्डिंगवाला येऊन तोंड बसवून देत होता तेव्हा सुभेदार लाह्या आणायला गेले होते. आले आणि पाहत राहिले. सोंड सरळ आभाळाकडे तोंड करून उभी होती. टोकाला ना वाकण, ना टोपी, ना जाळी. तोफेसारखी.

"यह क्या किया, भाई?"

"जैसो आपने कई," तो शांतपणे म्हणाला. "आपनेई तो कई ती, मों खाली राखियो. एकदम खाली. सो हमने जाली लौं नईं लगाई."

त्याने सांगितल्याप्रमाणेच केलं होतं. तोंड पूर्ण रिकामं ठेवलं होतं. सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दूधवाल्याला सवय झाली. याला अजून नाही झाली."

ते हसले नाहीत. बाजार बंद होत आला होता आणि आभाळ भरलं होतं. तिकडे अक्कांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी आत गेले, सहा पातेल्यांच्या सेटमधलं सगळ्यांत लहान पातेलं आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते टोपीसारखं सोंडेवर पालथं घातलं, हवा जाईल इतकी फट ठेवली आणि तारेने बांधलं.

आता एक कबुली. नागपंचमीच्या दिवशी मी घरीच होते, असं तुमच्या आईला मी नंतर फोनवर सांगितलं. ते खरं नव्हतं. मी जीपमध्ये होते. एकट्या सुभेदारांना मी जाऊ देणार नव्हते, कारण एकटे गेले असते तर त्यांनी पाण्यात गाडी घातलीच असती. म्हणून मी अटी घातल्या. कागदावर लिहिलं: रपट्याच्या कडेच्या दगडावर पांढऱ्या पट्ट्या आहेत, पाणी खालून पहिल्या पट्टीच्या वर असेल तर जीप पाण्यात जाणार नाही. त्यांनी खाली सही केली, पदासकट.

समथरच्या बाजारापर्यंत सगळं ठीक होतं. लोक वळून सोंड पाहत होते आणि सुभेदार सरळ समोर पाहत होते, मिरवणुकीतल्यासारखे. बाजार ओलांडला आणि पाऊस आला. असा की पुढचं काही दिसेना. एका खड्ड्यात जीप उडाली, वर तार तुटल्याचा आवाज झाला आणि माझं पातेलं शेतात गेलं. सुभेदारांचा हात चावीकडे गेला, पण त्याआधीच जीप दोनदा खोकली, आत काहीतरी ठक्क वाजलं, आणि ती थांबली.

त्यांनी बॉनेट उघडून पाहिलं, मिटलं. "प्यायली," म्हणाले.

पाऊस ओसरला तेव्हा समोर पाच मिनिटांच्या चालीवर रपटा दिसत होता. गढूळ पाणी वेगाने चाललं होतं. अलीकडे-पलीकडे माणसं उभी होती. आम्ही चालत काठापर्यंत गेलो. पाणी दुसऱ्या पट्टीवर होतं.

सुभेदार दगडावर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.

"काय करताय?"

"चालत जातो."

मी पर्समधून कागद काढला. "तुमची सही आहे."

"कागदात जीपचं लिहिलंय, बाई. पायाचं नाही."

बहात्तर वर्षांचा माणूस, मांडीपर्यंतचं पाणी, आणि खाली शेवाळलेलं सिमेंट. मी त्यांच्या एका बुटावर पाय ठेवून उभी राहिले. दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी बूट ओढायचा प्रयत्न केला, मग सोडला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "काल सकाळपासून तिच्या पोटात काही नाही. मागच्या वर्षी मनगट होतं. या वर्षी काय मोडेल, बाई?"

 मी पाय काढला नाही.  पाणी हळूहळू पहिल्या पट्टीवर आलं, मग तिच्या खाली. तेव्हा पलीकडचा एक ट्रॅक्टर घरघरत पाण्यात उतरला. त्याच्या बॉनेटवर नळकांडं सरळ उभं होतं, डोक्यावर टोपी घातलेलं, कंपनीतूनच तसं आलेलं. सुभेदारांनी ते पाहिलं आणि मान वळवली. ड्रायव्हरच्या बाजूला, मडगार्डवर पोतं घालून, काठी आडवी धरून अक्का बसल्या होत्या.

ट्रॅक्टर अक्कांच्या पुतण्याचा. तो उतरून माझ्याकडे येत म्हणाला, "मैडम जी, काकी ने आपके घर फोन लगाया. कामवाली बोली, दोनों जने पानी में चलने वाली गाड़ी लेके निकल गए. बस, काकी मानी ही नहीं. बोलीं, ट्रैक्टर निकालो नहीं तो मैं पैदल जाती हूँ."

अक्कांना उतरवलं. त्या भावासमोर येऊन उभ्या राहिल्या. सुभेदारांचा एक पाय अनवाणी, दुसऱ्या बुटाची नाडी सुटलेली.

"आधी बूट घाल," अक्का म्हणाल्या.

त्यांनी घातला.

"पाण्यात शिरणार होतास?"

"नाही."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

"लाह्या कुठायत?"

बंद पडलेल्या जीपमध्ये बसून अक्कांनी उपास सोडला. लाह्या थोड्या भिजल्या होत्या. त्या एकेक करून खात होत्या आणि सुभेदार, रिपोर्ट देताना उभे राहत तसे, बाहेर उभे होते. चार घास झाल्यावर अक्कांनी वर पाहिलं. "हे काय लावलंस? चुलीचं धुराडं?"

"सोंड आहे, अक्का. पाण्यातून यायला."

"कुणाला?"

"मला."

 अक्कांनी लाह्यांची पिशवी घट्ट बांधली आणि पुतण्याला म्हणाल्या, "मंदिराचा दिवा तू बघ. हा असल्या गाडीत बसून पुन्हा निघायचा. पाऊस संपेपर्यंत मी याच्यावर नजर ठेवते." आणि त्या जीपमध्येच बसून राहिल्या. ट्रॅक्टरने जीप समथरपर्यंत ओढत नेली आणि तिथून ती दुसऱ्या गाडीमागे बांधून आम्ही तिघं झाशीला आलो.

माहेर चार दिवसांचं असतं हे अक्का विसरल्या नव्हत्या. पाचव्या दिवशी त्यांनी मला ऐकवलं, "मी राहायला आलेली नाही. राखणीला आलेय." त्या स्वयंपाक करीत, भांडत, आणि बरण्यांच्या रांगेतून मुरंब्याची बरणी त्यांनी पहिल्याच आठवड्यात हलवली. सुभेदारांनी ती परत जागेवर ठेवली. असं रोज चाले.

दसऱ्याला पाऊस संपला. अक्कांनी पेटी भरली. त्याच सकाळी सुभेदारांनी पोर्चमध्ये इंजिन उघडलं. दिवसभर ठाकठोक. संध्याकाळी मला, पण आत ऐकू जाईल इतक्या आवाजात, रिपोर्ट दिला, "बाई, दांडा मिळाला. पुढच्या पावसाला जीप तयार." अक्कांनी पेटीतली लुगडी काढून पुन्हा दोरीवर टाकली. पुढच्या दसऱ्याला हेच झालं. तिसऱ्यालाही. इंजिन कधी पूर्ण होईना आणि कधी सोडूनही दिलं जाईना. शेवटी मी विचारलं, "सुभेदार, तो पाइप आता काढून टाका ना. पोर्चमध्ये जाता-येता डोक्याला लागतो."

त्यांनी मागच्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काढायचा नाही, बाई. पाइप आहे तोवर ती जात नाही."

 इतका साधा डाव अक्कांच्या लक्षात येत नाही याचं मला आश्चर्य वाटे.

मग एका दुपारी, सुभेदार झोपले असताना, अक्का माझ्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडे स्क्रू-ड्रायव्हर आहे का हो? त्या धुराड्याची पट्टी सैल झालीय. त्याला हल्ली नीट दिसत नाही. वाऱ्याने पडलंबिडलं तर काय करायचं?"

आम्ही पोर्चमध्ये गेलो. मी पाइप दोन्ही हातांनी धरला. अक्का मोडून सांधलेल्या मनगटाने स्क्रू पिळू लागल्या. अर्ध्यात आतून हाक आली, "अक्का, कुठे आहेस?"

"बाईंकडे साखर मागायला आलेय," अक्का म्हणाल्या, आणि शेवटचा आटा घट्ट बसेपर्यंत पिळत राहिल्या.